अकराशे त्रेचाळीस दारं

बुधवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. समोरचा चष्मेवाला रस्ता ओलांडून आला, अर्धवट उघडलेल्या शटरखालून वाकून कुलपांच्या दुकानात शिरला आणि आपला मोबाईल त्याने काउंटरवर ठेवला.

"वहिनी, माझ्या दुकानाची किल्ली ह्याच्यात काय करतेय?"

वहिनी झाडत होत्या. त्यांना वाटलं, फोनच्या कव्हरात किल्ली अडकली असेल. ह्या माणसाने मागे एकदा डोक्यावरचा चष्मा अर्धा तास दुकानभर शोधला होता. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, हात पुसले आणि फोन जवळ ओढला.

फोनवर त्यांचीच, दुकानाच्या गिऱ्हाइकांच्या नोंदींची ऑनलाइन शीट उघडलेली होती. ओळ क्रमांक अठ्ठ्याऐंशी. चष्मेवाल्याचं नाव, दुकानाचा पत्ता, कुलपाचा प्रकार, बसवल्याचं वर्ष आणि शेवटी सहा आकडे.

"हे तुम्हाला कुठून मिळालं?"

"तुमच्या जावईबापूंकडून. रविवारी त्यांच्या कार्यशाळेला गेलो होतो ना मी, छोट्या धंदेवाल्यांसाठीच्या. तिथे पुस्तिका वाटली. पान चौदा, 'एका कुलूपवाल्याची यशोगाथा'. खाली क्यूआर कोड. तिथे मला झोप लागली होती, म्हणून आत्ता चहा पिताना उघडलं. म्हटलं, बघू तरी कोणाची यशोगाथा. बघतो तर मीच!"

चष्मेवाला हसला. वहिनी हसल्या नाहीत, तेव्हा त्याचंही हसू थांबलं.

त्या सहा आकड्यांचा अर्थ गल्लीत चार-पाच जणांनाच कळला असता. किल्लीच्या दांड्याला सहा खाचा असतात आणि प्रत्येक आकडा म्हणजे एका खाचेची खोली. हे आकडे, एक कोरी किल्ली आणि कापायचं मशीन हाताशी असलं की मूळ किल्ली डोळ्यांनी न बघताही तिची जुळी बहीण दोन मिनिटांत कापता येते. गिऱ्हाइकाची किल्ली हरवली तर दार फोडावं लागू नये, म्हणून दुकान हे आकडे जपून ठेवायचं. चौतीस वर्षं ठेवत आलं होतं.

मात्र ठेवायची एक पद्धत होती. वहिनींचे सासरे अण्णा, ज्यांनी हे दुकान काढलं, त्यांनी पहिल्या दिवसापासून दोन वह्या केल्या होत्या. लाल वहीत अनुक्रमांक आणि खाचांचे आकडे. निळ्या वहीत अनुक्रमांक, नाव आणि पत्ता. लाल वही दुकानात, निळी घरी. दोन्ही कधी एका छपराखाली यायच्या नाहीत. एक वही चोरीला गेली तर चोराच्या हाती नुसती आकडेमोड लागेल, दुसरी गेली तर नुसती नावं. त्यामुळे किल्ली हरवलेल्या माणसाला अण्णा सांगत, "उद्या या." रात्री घरी जाऊन निळ्या वहीतून नंबर शोधत, सकाळी दुकानात लाल वही उघडत.

"उद्या या?" दीड वर्षापूर्वी घरी जेवायला बसले असताना जावईबापूंनी घास खाली ठेवून विचारलं होतं. अण्णांचे हे जावई, म्हणजे वहिनींच्या नणंदेचे यजमान, छोट्या व्यावसायिकांना व्यवस्थापन आणि तंत्रज्ञान शिकवत आणि त्यांच्या बोलण्यात वजन होतं. "घराबाहेर अडकलेल्या माणसाला तुम्ही उद्या या म्हणता? अण्णा, तो परत येईल का? सगळं एका शीटमध्ये घ्या. नाव टाकलं की आकडे समोर."

ते म्हणाले त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. वहिनींनी पुढचे चार महिने रोज दुपारी दोन तास दोन्ही वह्या शेजारी ठेवून अकराशे त्रेचाळीस ओळी टाइप केल्या. अण्णांनी फक्त एकदाच विचारलं होतं, "दोन्ही एकाच जागी?" आणि उत्तराची वाट न बघता ते कानस घेऊन कामाला लागले होते. उद्या या म्हणणं बंद झालं. गिऱ्हाईक खूश, नवरा खूश. वहिनींनाही आपण काहीतरी केल्यासारखं वाटत होतं.

नऊ वाजून चोवीस मिनिटांनी वहिनींनी दुकानातल्या कॉम्प्युटरवर शीट उघडली. वरच्या उजव्या कोपऱ्यात तीन गोल दिसत होते. एक त्यांचा स्वतःचा. उरलेल्या दोन गोलांखाली लिहिलं होतं, अनामिक.

"एक तुम्ही," त्या चष्मेवाल्याला म्हणाल्या. "फोन बंद करा जरा."

त्याने बंद केला. एक गोल गेला. एक अनामिक तसाच राहिला.

आणि मग खाली, ओळ सातशे दोनवर, एक जांभळी चौकट दिसली. चौकट एका रकान्यातून दुसऱ्यात सरकत गेली, शेवटच्या रिकाम्या रकान्यात थांबली, आणि वहिनींच्या डोळ्यांदेखत तिथे बरोबरची खूण उमटली.

त्यांचा हात माउसवरच राहिला. अशा खुणा त्यांनी सोमवारपासून पाहिल्या होत्या. नवऱ्याच्या असतील, ज्यांच्याकडे जाऊन आला त्यांच्या नावासमोर करत असेल, असं समजून त्यांनी विचारलंही नव्हतं. त्यांनी फोन लावला.

"अहो, तुम्ही आत्ता शीट उघडलीत का?"

"मी शिडीवर आहे. तोंडात दोन स्क्रू आहेत."

"शेवटच्या रकान्यात बरोबरच्या खुणा आहेत, त्या तुमच्या ना?"

स्क्रू बाहेर काढल्याचा आवाज आला. "नाही. मला वाटलं, तू करतेस."

वहिनींनी फोन कानापासून खाली घेतला. नवरा "हॅलो, हॅलो" करत राहिला.

"अहो, बंद करा ना ते आधी!" चष्मेवाला ओरडला.

"थांबा." त्यांनी आधी फोनने पडद्याचे फोटो काढले, वरपासून खालपर्यंत. मग शेअरिंग उघडलं. तिथे लिहिलं होतं, लिंक असलेला कोणीही बदल करू शकतो. हे त्यांनी स्वतःच केलं होतं. नवरा तिसऱ्यांदा पासवर्ड विसरला होता आणि गिऱ्हाइकाच्या दारात उभा राहून फोनवर खेकसत होता, त्या दिवशी. दुसरा पासवर्ड करून द्यायला पाच मिनिटं लागली असती. हे अर्ध्या मिनिटात झालं होतं.

त्यांनी ते बंद केलं. अनामिक गोल नाहीसा झाला. नऊ वाजून एकोणतीस मिनिटं.

खुणा अडतीस होत्या.

ओळ सातशे दोन म्हणजे दहा मिनिटांच्या अंतरावर राहणाऱ्या गाण्याच्या बाई. फोन दुसऱ्या रिंगला उचलला गेला. मागे कोणीतरी लहान मूल बेसूर सूर लावत होतं.

"मावशी, मी कुलपांच्या दुकानातून वहिनी बोलतेय. तुमच्या दाराच्या लॅचबद्दल..."

"अगं हो, बसवून गेला की तुझा माणूस! आत्ताच गेला, दहा मिनिटंही नाही झाली. छान बसवलंय हं. आणि वागायलाही किती चांगला! चपला बाहेर काढून आत आला. तुझा नवरा तर बुटांसकट नाचतो घरभर."

"मावशी, मी कोणालाही पाठवलेलं नाही."

पलीकडचं मूल गात राहिलं. बाई म्हणाल्या, "असं कसं? तुझं कार्ड दिलं ना त्याने. माझं नाव माहीत, कुलूप कुठल्या वर्षी घेतलं तेही माहीत. म्हणाला, त्या वर्षीच्या कुलपांमध्ये दोष निघालाय, दुकानातर्फे फुकट बदलून देतोय. जुनं घेऊनसुद्धा गेला."

दुकानाची कार्डं काउंटरवर एका ट्रेमध्ये उघडी पडलेली असत. कोणीही यावं आणि मूठभर घेऊन जावं.

"किल्ल्या किती दिल्या?"

"तीन."

"खोकं आहे? त्यावर काय लिहिलंय, वाचा बरं."

कागदाची खसखस ऐकू आली. मग बाईंचा आवाज, आता बराच बारीक. "पाच किल्ल्यांसह."

वहिनींनी दुकान चष्मेवाल्याच्या भरवशावर सोडलं, हत्यारांची पिशवी आणि एक नवं लॅच उचललं आणि त्या निघाल्या. एरवी घरोघरी जायचं काम नवरा करत असे. पण लॅच बसवायला त्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी शिकल्या होत्या, अण्णांकडून.

दारावरचं कुलूप त्यांनी आधी नुसतं बघितलं. फडतूस काम असतं तर बरं वाटलं असतं. भोक जिथल्या तिथे, स्क्रूच्या खाचा सगळ्या उभ्या, लाकडावर ओरखडा नाही, खाली भुसाही नाही. काम जाणणाऱ्याचं होतं.

"दिसायला कसा होता?"

"साधाच गं. चाळिशीच्या पुढचा. पाणी मागितलं, मी सरबत दिलं." गाण्याच्या बाई खुर्चीत बसल्या होत्या आणि शिकायला आलेल्या मुलीचा हात त्यांनी घट्ट धरून ठेवला होता. "खिडक्यांचे कडी-कोयंडेही बघून देतो म्हणाला. सगळ्या खोल्या फिरला. मीच दाखवल्या. मीच!"

वहिनींनी काही न बोलता ते लॅच काढलं, आपलं बसवलं आणि खोक्यातल्या पाचही किल्ल्या बाईंच्या हातात मोजून दिल्या. ह्या कुलपाचे आकडे त्यांनी लिहून घेतले नाहीत.

पावणेअकराला त्या परतल्या तेव्हा दुकानात माणसं जमली होती. नवरा आला होता. घरून अण्णा आले होते आणि आपल्या जुन्या स्टुलावर बसले होते, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासूनचा काळा चष्मा लावून. आणि जावईबापू आले होते, इस्त्रीचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"वहिनी, आधी शांत व्हा," ते म्हणाले.

"मी शांतच आहे, भावोजी. तुम्ही घाम पुसा."

"झालं ते वाईट झालं. माझी चूक आहे. तुम्ही पाठवलेली लिंकच उदाहरण म्हणून दिली मी. मला काय माहीत, आत नावं-पत्ते खरे असतील?"

"मग काय खोटे असतील?" नवरा तडकला. "तुम्हीच म्हणालात ना, सगळी माहिती एका जागी?"

"एका जागी म्हणालो, चव्हाट्यावर नाही म्हणालो!"

"कोड तुम्ही छापलात."

"लिंक तुम्ही उघडी ठेवलीत!"

दोघंही खरं बोलत होते आणि दोघांचे आवाज चढत चालले होते. चष्मेवाला दारात उभा राहून रस्त्यावरच्या लोकांना उगाचच "काही नाही, काही नाही" सांगत होता, त्यामुळे आणखी दोघं थांबले.

"जावईबापू," अण्णांनी विचारलं, "पुस्तिका किती वाटल्या?"

जावयाशी अण्णा आयुष्यात चढ्या आवाजात बोलले नव्हते. आजही बोलले नाहीत.

"रविवारी चौसष्ट जण होते."

"त्यांची नावं?"

जावईबापूंनी बॅगेतून एक घडी घातलेला कागद काढला. सगळ्या जगाला शिस्त शिकवणाऱ्या माणसाचं हजेरीपत्रक एका बाजूला चहा सांडलेलं होतं. नुसत्या सह्या. फोन नंबर नाहीत. सात सह्या तर कोणाच्या बापालाही लागल्या नसत्या.

"दारावरच नाव सांगून येता येत होतं," ते पुटपुटले. "मोफत होतं ना."

मग त्यांनी घसा साफ केला आणि ते मूळ मुद्द्यावर आले. त्यांच्या मते शीट आता बंद होती. पोलिसांत कळवावं. ज्या अडतीस घरांसमोर खुणा आहेत तिथे गुपचूप जाऊन कुलपं बदलावीत. बाकीच्या अकराशे लोकांना मात्र काही सांगू नये. "अहो, कुलूपवाल्याने किल्ल्या हरवल्या म्हटल्यावर उद्या ह्या पायरीवर कोण चढणार? चौतीस वर्षांचं नाव एका दिवसात जाईल. मी धंद्याच्या दृष्टीने सांगतोय. धीर धरा, आठवडाभर बघू काय होतं ते."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं तेव्हा त्याने नजर चुकवली. त्यालाही ते पटत होतं. आणि खरं सांगायचं तर क्षणभर त्यांनाही पटलं. हे दुकान गेलं तर घरात दुसरं काही नव्हतं.

"मला एक कळत नाही," अण्णा म्हणाले. "आकडे ज्याच्या हातात आहेत त्याला कुलूप बदलायची काय गरज? घरी बसून किल्ली कापता येते की."

अण्णांनी काउंटरवरचं एक लॅच पुढे ओढलं.

"जुनं कुलूप असेपर्यंत त्या दाराची किल्ली आपणही कापू शकत होतो. आता आपल्या वहीतला आकडा खोटा झाला. गिऱ्हाईक उद्या किल्ली हरवून आलं तर आपण हात हलवत बसणार. त्या दारात जायचा रस्ता आता फक्त त्यालाच माहीत आहे." त्यांनी काळा चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आणि बोभाटा झाला तर सगळे कुलपं बदलतील. ज्यांची बदललीत ते मात्र म्हणतील, आमचं झालंय."

वहिनींच्या डोळ्यांपुढे गाण्याच्या बाई आल्या, प्रत्येक खोली दाखवणाऱ्या.

"सगळ्यांना सांगायचं," त्या म्हणाल्या. "अकराशे त्रेचाळीसच्या अकराशे त्रेचाळीस. आधी हे अडतीस, मग बाकीचे. दुकान राहील नाहीतर जाईल. टाइप मी केलंय, फोनही मीच करते."

"अगं पण..." नवऱ्याने सुरुवात केली.

"अहो, त्यांची घरं आहेत ती."

नवऱ्याने मान खाली घातली आणि तो मागच्या फळीवरची लॅचची खोकी मोजायला लागला. सत्तावीस निघाली. उरलेली आणायला त्याने जावईबापूंनाच गाडी घेऊन पिटाळलं, आणि जावईबापू एक शब्द न बोलता गेले.

फोनची कामं वहिनींनी कागदावर घेतली. कॉम्प्युटरवर नाही. ओळीचा नंबर, वेळ, काय बोलणं झालं. साडेअकरा ते दीडपर्यंत त्यांनी अडतीसपैकी एकोणतीस घरं गाठली. प्रत्येक फोनवर तेच वाक्य: "तुमच्याकडे आलेला माणूस आमचा नव्हता." एकोणतीस वेळा म्हणूनही त्याची सवय झाली नाही.

एक बाप म्हणाला, "माझी मुलगी एकटी असते हो घरी," आणि त्याने फोन ठेवून दिला. एका दवाखान्यातली परिचारिका आधी हसली, तिला वाटलं कोणीतरी थट्टा करतंय. पाळणाघर चालवणाऱ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "माझ्याकडे बावीस मुलं आहेत. तुम्ही मला हे आत्ता सांगताय?" वहिनी म्हणाल्या, "मला आज सकाळी कळलं." बाई म्हणाल्या, "सकाळ होऊन किती तास झाले?" नवऱ्याला वहिनींनी सगळ्यात आधी पाळणाघरात पाठवलं.

सगळ्यांचं वर्णन एकच होतं. साधा, चाळिशीच्या पुढचा, चपला बाहेर काढणारा. प्रत्येकाला त्याने काही ना काही फुकटात दुरुस्त करून दिलं होतं. कुठे करकरणारं दार, कुठे घट्ट झालेली कडी. एका आजोबांनी तर तक्रारच केली, "तुमचा नव्हता? अरेरे. मी त्याला शनिवारी परत बोलावलंय, फडताळाची फळी बसवायला."

वहिनींनी ते लिहून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

दोन वाजता त्या पोलीस ठाण्यात होत्या. ड्युटीवरच्या अधिकाऱ्याने फोटो बघितले, पुस्तिकेचं चौदावं पान बघितलं, जेवणाचा डबा बाजूला सारला.

"चोरी काय झाली?"

"अजून काहीच नाही."

"म्हणजे एक माणूस घरोघरी जाऊन लोकांना फुकट नवी कुलपं बसवून देतोय."

"हो. आणि दोन किल्ल्या स्वतःजवळ ठेवतोय."

अधिकाऱ्याने पेन उचललं. "छत्तीस गुणिले दोन..."

"अडतीस," वहिनी म्हणाल्या. "शहात्तर किल्ल्या."

त्याने तक्रार लिहून घेतली. शनिवारी आजोबांच्या घरी साध्या वेशात माणूस बसवायचं ठरलं. वहिनी निघाल्या तेव्हा तो म्हणाला, "ताई, एक विचारू? माझ्या सासूबाई त्याच भागात राहतात. त्यांचं कुलूप तुमच्याकडचं असेल का?" वहिनींनी नाव विचारलं. ओळ पाचशे त्र्याण्णव. खूण नव्हती. त्याने लगेच फोन काढला.

दुपारभर नवरा एका बाजूने आणि अण्णा दुसऱ्या बाजूने कुलपं बदलत गेले. अण्णांना दिसत कमी होतं, पण लॅच बसवताना त्यांचे डोळे तसेही मिटलेलेच असत. ते बोटांनी बघायचे. जावईबापू त्यांच्यासोबत बॅटरी धरून उभे राहिले, खोकी वाहिली, काढलेली कुलपं पिशवीत भरली. प्रत्येक घरात ते स्वतःहून सांगत होते, "चूक माझी आहे." एका घरात त्यांना दारातच थांबवलं. ते थांबले.

सव्वातीनला दुकानात एक गृहस्थ आले. पाळणाघरातून बातमी पसरली होती. त्यांनी आपली किल्ली काउंटरवर आपटली. "माझं नाव तुमच्या वहीतून काढा. आत्ता. माझ्यासमोर." वहिनींनी लाल वही उघडून ओळ शाईने काळी केली. शीटमधून ओळ पुसली. निळी वही घरी असल्याचं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही लोक निदान आधी तरी शहाणे होतात." पाच वाजेपर्यंत असे चौदा जण येऊन गेले. तिघांनी नवं लॅच मात्र ह्याच दुकानातून घेतलं. का, ते वहिनींना कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही.

सहा वाजून चाळीस मिनिटांपर्यंत अडतीसपैकी सदतीस दारं झाली होती.

राहिली ती ओळ दोनशे एकोणीस. एका उंच इमारतीचा पाचवा मजला, नवरा-बायको दोघंच, दोघंही नोकरी करणारी. सकाळपासून दोघांचे फोन बंद. शीटच्या बदलांच्या इतिहासात ह्या ओळीवरची खूण मंगळवारी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांची होती. वहिनी आणि अण्णा जावईबापूंच्या गाडीतून थेट तिथे गेले.

इमारतीचा रखवालदार खुर्चीतून उठला. "पाचव्या मजल्यावरचे? ते नाहीत इथे. शुक्रवारीच गेले परदेशात. वीस तारखेला येणार."

"शुक्रवारी?" वहिनींनी परत विचारलं. "मंगळवारी नव्हते?"

"अहो, शुक्रवारी मीच बॅगा खाली आणल्या त्यांच्या. घरातला मेन स्विचही मीच बंद केला."

"मग काल दुपारी त्यांच्याकडे कोण आलं होतं?"

"कुलूपवाला आला होता ना, तुमच्याच दुकानातला. कार्ड दाखवलं त्याने." रखवालदार आता एकेकाच्या तोंडाकडे बघू लागला. "मला म्हणाला, साहेबांनी किल्ली दिलीय. किल्ली होती त्याच्याकडे. मी स्वतः बघितलं, लागली बरोबर."

सदतीस दारं आतून कोणीतरी उघडली होती. हे अडतिसावं त्या सहा आकड्यांनी उघडलं होतं, जे एका दुपारी वहिनींनी लाल वहीतून उचलून एका नावापुढे टाइप केले होते.

"बाहेर कधी पडला तो?" अण्णांनी विचारलं.

रखवालदाराने घड्याळाकडे पाहिलं. "काल माझी पाळी दोनला संपली. तोपर्यंत तरी मी बघितलं नाही."

पाचव्या मजल्यावर दाराला नवं लॅच होतं. स्क्रूच्या खाचा सगळ्या उभ्या. वहिनींनी बेल वाजवली, थांबल्या, पुन्हा वाजवली. त्यांनी ठाण्यात फोन केला. अधिकारी म्हणाला, निघतोय, पंधरा-वीस मिनिटं लागतील. तोपर्यंत दाराला हात लावू नका, मालकाची परवानगी नाही. मालकाचा फोन त्यांनी अजून दोनदा लावला. बंद.

"मला उघडायला चार मिनिटं लागतील," अण्णा हळू आवाजात म्हणाले.

"नाही, अण्णा. आपण नाही उघडायचं."

अण्णांनी मान हलवली आणि कान दाराला लावला. मग त्यांनी हाताने वहिनींना जवळ बोलावलं. त्यांनीही कान लावला.

सात वाजून दहा मिनिटांपर्यंत पोलीस पोचले नव्हते आणि मालकांचा फोन लागला नव्हता. दार बंद होतं. आत पंखा चालू होता.